विश्लेषण : भाषणे यूट्यूबवर, उत्तरे यंत्राकडे, मग तंत्रज्ञान परिषदांना गर्दी कशासाठी?

तंत्रज्ञान परिषदांतील बहुतेक भाषणे आता काही आठवड्यांत चित्रफितींच्या रूपात फुकट पाहता येतात. अडलेल्या प्रश्नाचे उत्तर कृत्रिम प्रज्ञेचे साधन काही सेकंदांत देते. तरीही ब्रसेल्समध्ये ऐन थंडीत भरणाऱ्या ‘फॉसडेम’ला हजारो सॉफ्टवेअर विकासक जातात आणि भारतात ‘पायकॉन इंडिया’साठी तरुण अभियंते शनिवार-रविवारची सुट्टी खर्ची घालतात. या गर्दीचे कारण व्यासपीठावर नसते. ते सभागृहाबाहेर, चहाच्या रांगेत आणि जेवणाच्या टेबलावर असते. त्या गप्पांचा उपयोग मोजण्याचे काही गंभीर प्रयत्नही झाले आहेत. मात्र व्हिसा, खर्च आणि कंपन्यांची आखडती मूठ यांमुळे तिथवर पोहोचणे अवघड होत आहे.

जेवणाच्या टेबलावर इंटरनेटचा नकाशा कसा ठरला?

जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात ‘इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्स’ची (आयईटीएफ) बैठक सुरू होती. इंटरनेटचे जाळे वाढत होते आणि एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्याकडे माहिती कोणत्या वाटेने पाठवायची, हे ठरवणारी तेव्हाची पद्धत अपुरी पडू लागली होती. सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर हे दुपारच्या जेवणाला एकत्र बसले. समोरच्या कागदी रुमालांवर त्यांनी नव्या पद्धतीचा आराखडा खरडला. जून १९८९ मध्ये तो ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ (बीजीपी) या नावाने दस्तावेज म्हणून प्रसिद्धही झाला.

तात्पुरती सोय म्हणून जन्मलेल्या या पद्धतीची सुधारित आवृत्ती आजही जगभरातील इंटरनेटची वाहतूक सांभाळते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगातून गायब झाले, तेव्हा कंपनीच्या जाळ्याकडे जाणाऱ्या याच बीजीपीच्या वाटा पुसल्या गेल्या होत्या. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या अभियंत्यांना एका टेबलावर आणणारी ती बैठक नसती, तर हा आराखडा इतक्या झटपट झाला असता का, याचे उत्तर देता येत नाही. पण तो बैठकीच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता, हे नक्की.

‘हॉलवे ट्रॅक’ म्हणजे काय?

मोठ्या परिषदेत एकाच वेळी तीन-चार सभागृहांत वेगवेगळी भाषणे चालतात. या समांतर मालिकांना ‘ट्रॅक’ म्हणतात. त्यात नसलेली, व्हरांड्यात आपोआप घडणारी मालिका म्हणजे ‘हॉलवे ट्रॅक’. सुरुवातीला हा शब्द थोडा थट्टेनेच वापरला जाई. आता अनेक आयोजक त्यासाठी मुद्दाम मोकळा वेळ, जादा खुर्च्या आणि फळे ठेवतात.

कल्पना मात्र जुनी आहे. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’च्या सभांचे दोन भाग असत. आधी प्रत्येकाने उठून आपण काय करतो आणि आपल्याला काय हवे आहे, हे थोडक्यात सांगायचे. मग सभा मोडून ज्याला ज्याच्याशी बोलायचे त्याने त्याला गाठायचे. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ‘ॲपल-१’चा संगणक पहिल्यांदा दाखवला तो याच मंडळींना. पुढे १९८०च्या दशकात हॅरिसन ओवेन यांनी एक मोठी परिषद कष्टाने भरवली आणि लोकांना त्यातली चहाची सुट्टी सर्वाधिक आवडली, असे त्यांच्या लक्षात आले. मग सगळी परिषदच चहाच्या सुट्टीसारखी का करू नये, या विचारातून त्यांनी ‘ओपन स्पेस’ ही पद्धत मांडली. त्यात विषय सकाळी जमलेले लोकच ठरवतात आणि जिथे आपण काही शिकतही नाही, देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या गटात जाणे हा उद्धटपणा मानला जात नाही, उलट तो नियमच आहे. ऑगस्ट २००५ मध्ये पालो अल्टो येथे भरलेला पहिला ‘बारकॅम्प’ याच वळणाचा होता. निमंत्रितांपुरत्या असलेल्या ‘फू कॅम्प’ला उत्तर म्हणून तो सर्वांना खुला ठेवला गेला.

पाच मिनिटांची ‘लाइटनिंग टॉक’, एकाच विषयात रस असणाऱ्यांचे आयत्या वेळचे गट आणि परिषदेनंतर दोन-तीन दिवस शेजारी बसून प्रत्यक्ष काम करण्याचे ‘स्प्रिंट’ ही सारी याच घराण्यातली.

यूट्यूबवर नसलेले असे काय तिथे मिळते?

व्यासपीठावरचे भाषण बहुतेकदा यशाची गोष्ट सांगते. ‘आम्ही जुनी डेटाबेस यंत्रणा बदलली आणि खर्च निम्म्यावर आला’, असे वक्ता सांगतो. ऐकणाऱ्या अभियंत्याला मात्र पुढच्या महिन्यात तेच काम करायचे असते आणि त्याला हवी असते ती दुसरीच माहिती : बदल करताना किती वेळा माघार घ्यावी लागली, कुठले साधन कागदावर उत्तम पण रात्री दोन वाजता दगा देणारे निघाले, वरिष्ठांना कसे पटवले. हे चित्रफितीत येत नाही, कारण वक्त्याच्या कंपनीने भाषण आधी तपासलेले असते. भाषण संपल्यावर दाराशी गाठले तर तोच वक्ता दहा मिनिटांत सगळे सांगून टाकतो. ऐकलेले वापरा, पण कोणी सांगितले ते बाहेर बोलू नका, हा लंडनच्या ‘चॅथम हाऊस’ने १९२७ मध्ये घालून दिलेला नियम अशा गप्पांत न सांगता पाळला जातो.

ज्ञानाचा काही भाग लिहून पोहोचत नाही, हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये दाखवले. ब्रिटनमधील प्रयोगशाळा तेव्हा एका नव्या प्रकारचा लेसर बांधण्याच्या खटपटीत होत्या. त्याची माहिती शोधनिबंधांत छापली गेली होती. तरीही केवळ छापील माहितीच्या आधारे लेसर चालवून दाखवणे एकाही प्रयोगशाळेला जमले नाही. ज्यांना जमले त्यांचा आधीच लेसर बांधलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. कुठली तार किती लांब असावी, यासारख्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे निबंध लिहिणाऱ्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते, मग ते लिहिणार कसे?

ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत राहून असेच काहीसे टिपले. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत सापडत नाहीत असे बिघाड हे लोक न्याहारीच्या टेबलावर एकमेकांना गोष्टीसारखे सांगत आणि तीच त्यांची खरी पुस्तिका होती. गॅरेजबाहेर चहा पिताना ‘त्या मॉडेलचा आवाज असा आला की आधी हे बघ’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकला यात नवे काही वाटणार नाही. सॉफ्टवेअरच्या क्षेत्राला ते नवे वाटते, कारण आपले सगळे ज्ञान लिहून ठेवलेले आहे, असा या क्षेत्राचा समज आहे.

अशा गप्पांचा फायदा मोजता येतो का?

आयोजकांचे दावे बाजूला ठेवले तरी काही भक्कम अभ्यास आहेत, आणि त्यातला सर्वांत चांगला एका वादळाने घडवला. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस न्यू ऑर्लिन्समध्ये अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरणार होते. आयझॅक चक्रीवादळामुळे ते ऐन वेळी रद्द झाले. कोण येणार, कोण काय वाचणार, सारे ठरलेले होते. फक्त माणसे भेटली नाहीत. संशोधकांनी या अधिवेशनाच्या यादीतील लोकांच्या पुढच्या कामाची तुलना त्याच क्षेत्रातील, न रद्द झालेल्या परिषदेशी केली. अधिवेशन रद्द झाल्याने त्यातील सहभागींनी एकमेकांसोबत निबंध लिहिण्याची शक्यता १६ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. हा अभ्यास राज्यशास्त्रज्ञांचा आहे, अभियंत्यांचा नाही. पण भेट नेमकी काय घडवते हे इतके स्वच्छ वेगळे काढणारे उदाहरण दुर्मीळ आहे.

दुसरा प्रयोग हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका संशोधन निधीसाठी जमलेल्या शास्त्रज्ञांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वेगवेगळ्या खोल्यांत बसवले गेले. ९० मिनिटे एका खोलीत असलेल्या दोघांनी एकत्र अर्ज करण्याची शक्यता वेगळ्या खोल्यांतील जोडीपेक्षा ७५ टक्क्यांनी वाढली. कुठल्याही दोन अनोळखी संशोधकांनी एकत्र अर्ज करण्याची मुळातली शक्यता फारच कमी असते, हे हा आकडा वाचताना ध्यानात ठेवायला हवे. तरीही दीड तासाच्या सहवासाचा हा परिणाम लहान नाही.

नोकरीबाबतचा पुरावा आणखी जुना. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मधील निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारले होते की, ती माहिती देणारी व्यक्ती तुम्हाला कितीदा भेटत असे. वारंवार भेटणाऱ्याकडून माहिती मिळाली असे सांगणारे सहात एकच होते. बाकीच्यांना ती कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्याने दिली होती. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरचा माणूस आणतो. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगाने याला दुजोरा दिला, पण एक दुरुस्तीही केली : सर्वाधिक उपयोग अगदी तुटपुंज्या ओळखीचा होत नाही, मध्यम पातळच्या ओळखीचा होतो. म्हणजे परिषदेत पन्नास जणांना क्यूआर कोड दाखवून ‘कनेक्ट’ होण्यापेक्षा पाच जणांशी अर्धा अर्धा तास बोलणे अधिक फलदायी असावे, असा निष्कर्ष त्यातून काढता येतो. सध्या परिषदांत पहिल्या प्रकाराचीच चलती आहे, ही गोष्ट वेगळी.

...आणि लोक खरेच अनोळखी माणसांशी बोलतात?

फारसे नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेतील पॉल इंग्राम आणि मायकल मॉरिस यांनी सुमारे शंभर व्यावसायिकांच्या एका मेळाव्यात प्रत्येकाच्या छातीवर कोण कोणाशी बोलते हे टिपणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी लावली. आपण नव्या ओळखींसाठी आलो आहोत, असे लोकांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात ते ओळखीच्यांकडेच अधिक वळले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे नावच ‘मेळाव्यात लोक मिसळतात का?’ अशा अर्थाचे आहे. लग्नाच्या मांडवात आपापल्या घरच्यांसोबत पंगत धरणाऱ्या पाहुण्यांहून हे फार निराळे नाही.

यावर एक सोपा उपाय ‘राइट द डॉक्स’ परिषदेचे सहसंस्थापक एरिक होल्शर यांनी सुचवला. घोळक्यात उभे राहताना वर्तुळ पुरे करू नका. ‘पॅकमॅन’ या जुन्या व्हिडीओ गेममधल्या उघड्या तोंडाच्या गोळ्यासारखी एका माणसाची जागा मोकळी ठेवा. कोणी येऊन ती भरली की पुन्हा सरकून जागा करा. आता अनेक परिषदांच्या सूचनांत हा ‘पॅकमॅन नियम’ असतो.

पण व्हरांड्याची खरी अडचण संकोचापुरती नाही. सभागृहात कोण बोलणार हे निवड समिती ठरवते आणि तिला जाब विचारता येतो. व्हरांड्यात कोणाला सामावून घ्यायचे हे घोळकाच ठरवतो. संध्याकाळच्या मद्यपार्ट्यांत कामाच्या गोष्टी ठरत असतील तर तिथे न जाणारे, किंवा जाणे सुरक्षित न वाटणारे, आपोआप बाहेर राहतात. महिलांना छळाचे अनुभव येत असल्याचे उघडपणे बोलले जाऊ लागल्यावर गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून परिषदांनी लेखी आचारसंहिता स्वीकारल्या. अमेरिकेतील पायकॉनमध्ये २०११ मध्ये महिला वक्त्यांचे प्रमाण एक टक्का होते, ते २०१६ मध्ये ४० टक्क्यांवर गेले. हे आपोआप झाले नाही. ‘पायलेडीज’सारख्या गटांनी नवख्यांचे प्रस्ताव तपासून देणे, धीर देणे, प्रवासखर्चाला मदत मिळवून देणे, असे वर्षानुवर्षांचे काम त्यामागे आहे.

ज्या संस्थेच्या बैठकीत बीजीपीचा आराखडा खरडला गेला, तिने एक चांगला नियम पाळला आहे. बैठकीत झालेले एकमत अंतिम मानले जात नाही. ते सर्वांसाठी खुल्या असलेल्या ईमेल यादीवर पुन्हा तपासले जाते. येऊ न शकलेल्यांचा आवाज राहावा हा त्यामागचा हेतू. गप्पा व्हरांड्यात व्हाव्यात, निर्णय तिथे होऊ नयेत, ही विभागणी बाकीच्या परिषदांनीही उचलण्यासारखी आहे.

करोनाकाळातल्या ऑनलाइन परिषदांचे काय झाले?

फेब्रुवारी २०२० मध्ये बार्सिलोनाची ‘मोबाइल वर्ल्ड काँग्रेस’ रद्द झाली आणि पाठोपाठ जवळपास सारेच कार्यक्रम पडद्यावर गेले. मार्च २०२० मध्ये ‘ओरायली मीडिया’ या नामांकित प्रकाशन कंपनीने प्रत्यक्ष परिषदांचा विभाग कायमचा बंद केला. पडद्यावर भाषणे उत्तम झाली, श्रोते कैकपट वाढले आणि ज्यांना कधीच जाता आले नसते अशांना ती ऐकता आली. हा लाभ मोठा होता. गप्पांसाठी बनवलेल्या आभासी दालनांत मात्र लोक रमले नाहीत.

याचे एक संभाव्य कारण २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मेलानी ब्रुक्स आणि जोनाथन लेवाव यांच्या प्रयोगात दिसते. व्हिडीओवर बोलणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या. सुचलेल्या कल्पनांतून योग्य ती निवडण्यात मात्र त्या मागे नव्हत्या. पडद्याकडे एकटक पाहताना लक्षाचा परीघ आकसतो, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. भारतासह पाच देशांतील एका दूरसंचार कंपनीच्या अभियंत्यांवरही हा प्रयोग झाला आणि निष्कर्ष तोच निघाला.

भारतीय अभियंत्यांपुढील अडथळे कोणते?

पहिला व्हिसाचा. परिषदेसाठी अमेरिकेला जायचे तर बी-१/बी-२ व्हिसा लागतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत त्याच्या पहिल्या मुलाखतीसाठी अडीच वर्षांहून अधिक प्रतीक्षा दाखवली जात होती. पुढे ती घटली, तरी परिषदेत निबंध स्वीकारल्याचे कळते आणि परिषद भरते यात जेमतेम तीन-चार महिने असतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या कायद्यात अशा व्हिसांसाठी १८५ डॉलरच्या शुल्काव्यतिरिक्त २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद आहे. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक अर्जदारांची मुलाखतीतून मिळणारी सूटही गेली.

दुसरा अडथळा घरचाच आहे. परदेशी ग्राहकांची कामे करणाऱ्या सेवा कंपन्यांत गोपनीयतेचे करार कडक असतात. आपण कोणासाठी काय बनवतो हेच सांगता येत नसेल, तर व्हरांड्यात बोलायचे काय? वक्ता म्हणून निवड झाली तर कंपनी रजा आणि खर्च देते. नुसते ऐकायला आणि भेटायला जाणाऱ्याला बहुधा दोन्ही स्वतःचे घालावे लागते. व्यवस्थापनाला ‘परतावा’ दाखवायचा तर भाषणांची टिपणे दाखवता येतात, चहाच्या टेबलावर वाचलेले तीन महिने दाखवता येत नाहीत.

म्हणून देशात भरणाऱ्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या परिषदांचे मोल अधिक. ‘पायकॉन इंडिया’ २००९ मध्ये बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झाली आणि २०११ मध्ये ती पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत (एसआयसीएसआर) भरली. याच संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळा वर्षानुवर्षे होत असे. महाविद्यालयाच्या आवारात भरल्याने विद्यार्थी आणि नोकरदार एका रांगेत चहाला उभे राहत. पंचतारांकित हॉटेलात भरणाऱ्या, प्रायोजकांच्या दालनांनी गजबजलेल्या कार्यक्रमांत ही सरमिसळ होत नाही. तिथे विद्यार्थ्याला प्रवेश शुल्कच परवडत नाही. आता ‘फॉस युनायटेड’ ही संस्था मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत छोटे मेळावे भरवते. अशा ठिकाणी बोलणे मराठी-हिंदीत सहज वळते आणि इंग्रजीत प्रश्न विचारायला कचरणारा जिल्ह्याच्या गावचा मुलगाही तोंड उघडतो.

पैशाचा प्रश्न किती गंभीर?

स्वयंसेवी परिषदा प्रायोजकांवर चालतात आणि तंत्रज्ञान कंपन्यांतील २०२२ नंतरच्या नोकरकपातीचा पहिला फटका अशाच खर्चांना बसला. जगभरातील छोट्या पायथॉन परिषदांना आणि महिलांसाठीच्या ‘जँगो गर्ल्स’ कार्यशाळांना मदत देणाऱ्या ‘पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन’ने ऑगस्ट २०२५ मध्ये आपली अनुदान योजना तूर्त थांबवली, कारण त्या वर्षासाठी राखलेली रक्कम संपली होती. अमेरिकेतील मुख्य परिषदेच्या उत्पन्नावर ही संस्था पूर्वापार विसंबून आहे. म्हणजे परदेशी लोक अमेरिकेत जायला कचरू लागले की त्याची झळ आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियातील मेळाव्यांना बसते.

याच सुमारास नव्या अभियंत्यांच्या शिकण्याची रीतही बदलते आहे. २००८ पासून प्रश्नोत्तरांचे सर्वांत मोठे भांडार ठरलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर नव्या प्रश्नांची संख्या कृत्रिम प्रज्ञेची साधने आल्यापासून झपाट्याने घटली. तिथे उत्तरासोबत उत्तर देणारा माणूस दिसे, कधी ओळखही होई. यंत्राला विचारलेल्या प्रश्नातून ओळख वाढत नाही. शिवाय सहकाऱ्यांचे घरून काम वाढल्याने शेजारच्या खुर्चीवरचा अनुभवी माणूसही दुरावला आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पुण्याच्या एखाद्या अभियंत्याला आपल्या क्षेत्रातले दहा वर्षे पुढचे माणूस प्रत्यक्ष भेटण्याच्या जागा यामुळे कमी होत आहेत, आणि त्यातल्या उरलेल्या बऱ्याचशा जागा अजूनही दोन-चार स्वयंसेवकांच्या फावल्या वेळेवर उभ्या आहेत.